राजदरबारातील चित्रकार, शांततेचा दूत : पीटर पॉल रुबेन्स

२९ जून रोजी ख्रिस्तसभा संत पेत्र आणि संत पौल या दोन महान प्रेषितांचा सोहळा साजरा करते. या सणाच्या पूर्वसंध्येला, २८ जून १५७७ रोजी, जर्मनीतील झीगेन या गावी एका निर्वासित कुटुंबात एक बालक जन्माला आले. प्रेषितांच्या सणाला धरून त्याचे नाव पीटर पॉल ठेवण्यात आले. पुढे हेच बालक युरोपातील राजेरजवाड्यांचा सर्वांत नावाजलेला चित्रकार झाले. प्रभू येशूच्या क्रूसारोहणाची त्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी दिनदर्शिकांवर किंवा प्रार्थनापुस्तकांत पाहिली असतील, चित्रकाराचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून पीटर पॉल रुबेन्स यांचे जीवन आम्ही वाचकांसमोर ठेवीत आहोत. राजांची व राण्यांची चित्रे रंगवीत असताना त्यांनी रूपकांचा जो वापर केला, त्यावर या लेखात आमचा विशेष भर राहील. सत्ताधाऱ्यांची सेवा करताना सत्याचे काय करायचे, हा प्रश्न या श्रद्धावंत माणसाला आयुष्यभर सोडवावा लागला.

रूपकांची भाषा

चित्रातील रूपक म्हणजे काय, हे आपल्या भाविकांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या चर्चमधील वेदीकडे पाहिले की हातात किल्ल्या असलेले संत पेत्र, तलवार धरलेले संत पौल आणि अंगात बाण रुतलेले संत सेबेस्तियन आपण क्षणात ओळखतो. त्यासाठी खाली नाव लिहावे लागत नाही. न्यायालयातील न्यायदेवतेच्या हातचा तराजू पाहून निरक्षर माणसालाही तिचा अर्थ कळतो. सतराव्या शतकातील युरोपात, ज्या कालखंडाला बरोक कालखंड म्हणतात त्या काळात, राजदरबारांतही अशीच एक चित्रभाषा रूढ होती. तिच्यात प्राचीन रोमन दैवतांचा मुक्त वापर होत असे. मिनर्व्हा दिसली की शहाणपण, मार्स दिसला की युद्ध, मर्क्युरी दिसला की व्यापार किंवा वाटाघाटी, पंख असलेला वृद्ध सॅटर्न दिसला की काळ, असा अर्थ सुशिक्षित दरबारी माणूस लावीत असे. या दैवतांवर कोणाची श्रद्धा नव्हती. ती केवळ चिन्हे होती. परंतु त्या चिन्हांच्या आधारे राजाचा पराक्रम सांगता येई, त्याची चूक झाकता येई आणि क्वचित त्याला चार खडे बोलही सुनावता येत. ही भाषा रुबेन्स यांच्याइतकी अस्खलित दुसऱ्या कोणाला क्वचितच अवगत असेल.

क्षमाशील मातेचा पुत्र

रुबेन्स यांचे वडील यान रुबेन्स हे अँटवर्प नगरातील वकील व नगरपालिकेचे सभासद होते. कॅल्व्हिन पंथाकडे त्यांचा ओढा असल्याने १५६८ साली, धार्मिक छळाच्या भीतीने, ते कुटुंबासह जर्मनीतील कोलोन शहरी पळून गेले. तेथे ऑरेंजचे राजपुत्र विल्यम यांची पत्नी ॲना हिचे कायदेशीर सल्लागार म्हणून काम करताना यान यांचे तिच्याशी अनैतिक संबंध जडले. ही गोष्ट उघडकीस येताच त्यांना कैद झाली. त्या काळी अशा गुन्ह्याला देहान्त शिक्षा होऊ शकत असे. अशा वेळी त्यांची पत्नी मारिया हिने पतीला क्षमा केली, तुरुंगात त्याला धीराची पत्रे लिहिली आणि त्याच्या सुटकेसाठी अर्जविनंत्या केल्या. सुमारे दोन वर्षांनी यान यांची सुटका झाली. त्यानंतर जन्मलेल्या अपत्यांपैकी पीटर पॉल हे एक होत. त्या मातेने क्षमा केली नसती, तर हा चित्रकार जगाला लाभलाच नसता.

१५८७ साली यान यांचे कोलोन येथे निधन झाले आणि मारिया मुलांना घेऊन अँटवर्पला परतली. पीटर पॉल यांचे संगोपन कॅथलिक श्रद्धेत झाले. लॅटिन शाळेत त्यांचा प्राचीन रोमन वाङ्मयाशी परिचय झाला. काही काळ ते एका सरदार घराण्यातील विधवेच्या पदरी सेवक म्हणूनही राहिले. दरबारी रीतिभाती त्यांना तेथे समजल्या. त्यानंतर तीन गुरूंकडे चित्रकलेचे शिक्षण घेऊन १५९८ साली ते अँटवर्पच्या संत लूक चित्रकार संघाचे सभासद झाले.

१६०० साली ते इटलीला गेले आणि मांतुआचे ड्यूक विन्चेन्झो गोन्झागा यांच्या सेवेत रुजू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये मेदिची घराण्यातील मारीचा विवाह फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्याशी झाला. नवरदेव स्वतः हजर नव्हता, त्याच्या वतीने वधूच्या काकांनी विधी पार पाडला. या समारंभाला तेवीस वर्षांचे रुबेन्स उपस्थित होते. या विवाहाचे चित्र वीस-बावीस वर्षांनी आपल्यालाच रंगवावे लागेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. १६०३ साली ड्यूकच्या भेटवस्तू घेऊन ते स्पेनच्या दरबारी गेले. वाटेत पावसाने भिजून खराब झालेली चित्रे त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि राजाचे प्रमुख मंत्री ड्यूक ऑफ लेर्मा यांचे घोड्यावर बसलेले भव्य चित्र रंगवले. चित्रकार आणि राजदूत या दोन्ही भूमिका त्यांच्या जीवनात येथून एकत्र आल्या.

अँटवर्पमधील सुगीचे दिवस

१६०८ साली आई आजारी असल्याचे समजताच रुबेन्स रोमहून तातडीने निघाले, परंतु ते पोहोचण्यापूर्वीच तिचे निधन झाले होते. ते पुन्हा इटलीला गेले नाहीत. १६०९ साली स्पेन आणि बंडखोर डच प्रांत यांच्यात बारा वर्षांचा युद्धविराम झाला. उद्ध्वस्त झालेली देवळे पुन्हा उभी राहू लागली आणि त्यांना वेदीचित्रांची गरज भासू लागली. त्याच वर्षी दक्षिण नेदरलँड्सचे राज्यकर्ते आर्चड्यूक आल्बर्ट आणि त्यांची पत्नी इसाबेला क्लारा युजेनिया यांनी रुबेन्स यांना दरबारी चित्रकार नेमले, आणि ऑक्टोबरमध्ये रुबेन्स यांनी इसाबेला ब्रांट हिच्याशी विवाह केला. प्रभूचा क्रूस उभारला जात असतानाचे त्यांचे चित्र १६१०-११ सालचे आणि प्रभूचा देह क्रूसावरून उतरवतानाचे चित्र १६११ ते १६१४ या काळातील होय. ही दोन्ही चित्रे आज अँटवर्पच्या कॅथेड्रलमध्ये पाहावयास मिळतात.

आपल्या वाचकांना जिव्हाळ्याची वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. येशूसंघीयांनी अँटवर्पमध्ये बांधलेल्या नव्या चर्चसाठी रुबेन्स यांनी १६१७-१८च्या सुमारास संत इग्नेशियस आणि संत फ्रान्सिस झेवियर यांच्या चमत्कारांची दोन प्रचंड वेदीचित्रे रंगवली. त्या वेळी दोघांनाही संतपद मिळालेले नव्हते. ते १६२२ साली मिळाले. ज्यांचा देह गोव्यात जतन केलेला आहे, त्या झेवियर यांना रुबेन्स यांनी काळ्या झग्यात, हात उंचावून उपदेश करताना दाखवले आहे. भोवती आजारी, आंधळे आणि पूर्वेकडील देशांच्या पोशाखातील माणसे दिसतात. रुबेन्स यांनी आपली भूमी कधी पाहिली नाही, मात्र आपल्या भूमीत कार्य केलेल्या संताचे हे चित्र युरोपातील हजारो भाविकांनी पाहिले. ते आज व्हिएन्ना येथील संग्रहालयात आहे. त्याच चर्चच्या छतासाठी त्यांनी केलेली ३९ चित्रे मात्र १७१८ सालच्या आगीत भस्मसात झाली.

रुबेन्स यांच्या पुतण्याने सांगून ठेवलेल्या आठवणींनुसार ते पहाटे चार वाजता उठत आणि मिस्साबलिदानात सहभागी झाल्यावरच दिवसाच्या कामाला सुरुवात करीत. त्यांच्या कार्यशाळेत अनेक मदतनीस होते. पुढे विख्यात झालेले अँथनी व्हॅन डाइक हे त्यांपैकीच एक.

राणीचे आयुष्य, चोवीस चित्रांत

१६२२ साली रुबेन्स यांना त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड काम मिळाले. फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची हिने पॅरिसमध्ये लक्झेंबर्ग राजवाडा बांधला होता. त्यातील एका दालनात स्वतःच्या जीवनाची आणि दुसऱ्या दालनात दिवंगत पती चौथा हेन्री याच्या जीवनाची चित्रे लावण्याचा तिचा मानस होता. करारानुसार सर्व मानवी आकृती रुबेन्स यांनी स्वतःच्या हाताने रंगवावयाच्या होत्या.

हे काम अवघड का होते, हे समजण्यासाठी राणीचा इतिहास पाहिला पाहिजे. १३ मे १६१० रोजी तिचा राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी राजा हेन्रीचा खून झाला. मुलगा तेरावा लुई त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचा होता. म्हणून मारीने त्याच्या नावाने राज्यकारभार पाहिला. तिच्या मर्जीतील इटालियन कॉन्चिनी याच्या हाती अतोनात सत्ता गेली. १६१७ साली तरुण राजाने कॉन्चिनीला ठार करविले आणि आईला ब्लोआ येथील किल्ल्यात नजरकैदेत धाडले. १६१९ साली ती रात्रीच्या अंधारात तेथून निसटली. मायलेकांच्या पक्षांत लढायाही झाल्या आणि अखेरीस समेट घडून आला. थोडक्यात म्हणजे, ज्या राणीला आपल्या आयुष्याची विजयगाथा हवी होती, तिच्या आयुष्यात विजय थोडे आणि अपमान अधिक होते. शिवाय ज्या पुत्राने अपमान केला तोच आता राजा होता आणि ही चित्रे तो पाहणार होता.

रुबेन्स यांनी रूपकांच्या साहाय्याने यातून मार्ग काढला. राजा हेन्रीला वधूचे चित्र दाखवले जाते त्या प्रसंगी विवाहदेवता आणि कामदेव यांनी ती तसबीर धरली आहे, वरून ज्युपिटर आणि जुनो पाहत आहेत, आणि शिरस्त्राण घातलेली फ्रान्सभूमी स्त्रीरूपात राजाच्या मागे उभी राहून त्याला जणू सल्ला देत आहे. अशा प्रकारे एक राजकीय सोयरीक स्वर्गात जुळलेली ठरते. मार्सेच्या बंदरात राणी जहाजातून उतरते तेव्हा लिलीच्या फुलांनी नटलेला निळा झगा परिधान केलेली फ्रान्सभूमी हात पसरून तिचे स्वागत करते, आकाशात कीर्ती तुतारी फुंकते आणि पाण्यात समुद्रदेव व जलकन्या जहाज सांभाळतात. वस्तुतः प्रसंग एवढाच होता, की एक स्त्री जहाजावरून किनाऱ्यावर उतरली. राजाच्या मृत्यूच्या चित्रात खून कोठेही दिसत नाही. हेन्रीला देवता वर नेत आहेत आणि उजवीकडे काळ्या पोशाखातील विधवा राणीला फ्रान्सभूमी राज्याचा गोल अर्पण करीत आहे. सत्ता राणीने घेतली नाही, देशाने ती तिला दिली, असे हे चित्र सांगते.

या मालिकेतील राणीचे स्वतंत्र व्यक्तिचित्रही पाहण्यासारखे आहे. त्यात ती शिरस्त्राण घातलेल्या युद्धदेवतेच्या रूपात उभी आहे आणि तिच्या पायाशी तोफा व चिलखते पडलेली आहेत.  एकट्या राणीला रणविजयी वीराच्या वेषात दाखवणे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

१६२५ साली राजकन्या हेन्रिएटा मारिया हिचा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याच्याशी विवाह ठरला आणि त्या समारंभापूर्वी दालन सज्ज होणे आवश्यक झाले. मात्र ऐन वेळी एक चित्र अडचणीचे ठरले. १६१७ साली राणीला पॅरिस सोडून जावे लागले, त्या प्रसंगाचे ते चित्र होते. राजाला ते आपल्यावरील आरोप वाटले असते. ते काढून टाकण्यात आले आणि त्याच्या जागी रुबेन्स यांनी घाईने नवे चित्र रंगवले. त्यात राणी हाती तराजू घेऊन न्यायदेवता म्हणून सिंहासनावर बसली आहे. तिच्या कारभारात देश सुखी आहे, आणि मत्सर, अज्ञान व दुर्गुण तिच्या पायाशी बांधलेले आहेत. अपमानाच्या जागी वैभव आले. राजाने दालन पाहिले, तेव्हा राणीच्या विश्वासातील एका मठाधिपतीने त्याला चित्रांचा अर्थ समजावून दिला आणि तो देताना खरा अर्थ मोठ्या कौशल्याने बदलला किंवा झाकला, असे रुबेन्स यांनी आपल्या एका विद्वान मित्राला पत्रातून कळवले. राजा संतुष्ट झाला.

मालिकेतील अखेरच्या चित्रात वृद्ध काळ सत्याला हात धरून उजेडात वर आणत आहे, आणि वर स्वर्गात मायलेक एकमेकांशी समेट करीत आहेत. ज्या दालनातून एक सत्य नुकतेच बाहेर काढण्यात आले होते, त्याच दालनाचा शेवट सत्याच्या विजयाने व्हावा, याचे आम्हाला नवल वाटते. रुबेन्स यांना ही विसंगती जाणवली नसेल असे मानणे कठीण आहे.

एकूण २४ चित्रे पूर्ण झाली. त्यांतील बहुतेकांची उंची सुमारे चार मीटर आहे आणि ती सर्व आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. हेन्रीच्या जीवनाचे दुसरे दालन मात्र कधीच पुरे झाले नाही. १६३० सालच्या नोव्हेंबरात राणीने कार्डिनल रिशल्यू यांना सत्तेवरून दूर करण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि १६३१ साली तिला देश सोडून पळावे लागले. रुबेन्स यांनी तिला अंतर दिले नाही. तिला पैशाची मदत करावी, अशी गळ त्यांनी स्पेनच्या प्रमुख मंत्र्याला पत्र लिहून घातली. ही मदत फ्रान्सच्या राजाविरुद्ध जाणाऱ्या पक्षालाच मिळणार होती, म्हणजे शांततेच्या या पुरस्कर्त्याला येथे निष्ठेसाठी वेगळी वाट धरावी लागली. त्याचा काही उपयोग झाला नाही. चोवीस चित्रांत देवतांच्या सहवासात वावरणारी ही राणी १६४२ साली कोलोन शहरात, रुबेन्स यांचे बालपण गेले त्याच नगरात, परागंदा अवस्थेत व दारिद्र्यात मरण पावली.

रूपकाविना एक व्यक्तिचित्र

मारीची चित्रमालिका पूर्ण झाली त्याच वर्षी, १६२५ साली, रुबेन्स यांनी दुसऱ्या एका राज्यकर्त्या स्त्रीचे चित्र रंगवले. ती म्हणजे आर्चडचेस इसाबेला. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याची ही कन्या. १६२१ साली पती आल्बर्ट यांचे निधन झाल्यावर तिने दरबारी वस्त्रे व दागिने त्यागून संत फ्रान्सिसच्या तिसऱ्या संघाचा साधा वेष स्वीकारला आणि त्याच वेषात ती राज्यकारभार पाहू लागली. ब्रेडा शहराच्या शरणागतीनंतर परतताना ती अँटवर्पला रुबेन्स यांच्या घरी आली. त्या सुमारास त्यांनी रंगवलेल्या चित्रात एकही देवता, तुतारी अथवा सिंहासन नाही. करडा झगा, काळा पडदा आणि शांत, थकलेला चेहरा एवढेच त्यात दिसते.

मारीला न्यायी ठरवण्यासाठी हातात तराजू द्यावा लागला. इसाबेलेला काहीच द्यावे लागले नाही. अर्थात या साधेपणातही राजकीय अर्थ होता, कारण या चित्राच्या प्रती देशभर पसरल्या आणि प्रजेला धर्मनिष्ठ राज्यकर्ती दिसली. परंतु हा वेष चित्रकाराने कल्पिलेला नव्हता, तो तिने स्वतः निवडलेला होता. आमच्या मते, रुबेन्स यांनी रंगवलेल्या राजव्यक्तींच्या चित्रांत या चित्राचे स्थान फार वरचे आहे.

कुंचला आणि करारनामे

१६२६ साली रुबेन्स यांची पत्नी इसाबेला ब्रांट मरण पावली. त्यापूर्वी तीनच वर्षे बारा वर्षांची मुलगी क्लारा सेरेना हिचा मृत्यू झाला होता. दुःखी रुबेन्स यांनी स्वतःला प्रवासात व राजकारणात गुंतवून घेतले. आर्चडचेस इसाबेलेचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास होता. चित्रे रंगवण्याच्या निमित्ताने ते कोणत्याही दरबारात जाऊ शकत आणि राजा समोर बसला असता त्याच्याशी एकान्तात बोलू शकत. १६२८ साली ते माद्रिदला गेले. तेथे राजा चौथा फिलिप याची व्यक्तिचित्रे रंगवताना तरुण चित्रकार वेलाझ्केझ यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १६२९ साली राजाने त्यांना इंग्लंडशी तहाची बोलणी करण्यासाठी लंडनला पाठवले.

एक कॅथलिक चित्रकार प्रॉटेस्टंट राजाच्या दरबारी शांततेची याचना घेऊन गेला होता. तेथे त्यांनी राजा चार्ल्सला एक चित्र भेट दिले. त्यात शांततादेवता बाळाला दूध पाजत आहे, पुढ्यात फळांची रास आहे, मुले धीटपणे जवळ येत आहेत आणि मागे मिनर्व्हा युद्धदेव मार्स याला ढालीने दूर लोटत आहे. मुलांच्या चेहऱ्यांसाठी त्यांनी आपल्या यजमानाच्या मुलांनाच समोर बसवले होते. तुझ्या सहीवर या मुलांचे भवितव्य अवलंबून आहे, असेच जणू ते राजाला सुचवीत होते. दुसऱ्या एका चित्रात त्यांनी राजाला संत जॉर्जच्या आणि राणीला राक्षसाच्या तावडीतून सुटलेल्या राजकन्येच्या रूपात दाखवले, आणि पार्श्वभूमीला लंडनजवळील थेम्स नदीचा देखावा रंगवला. चार्ल्सने १६३० साली त्यांना नाइट हा किताब दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पेन व इंग्लंड यांच्यात माद्रिदचा तह झाला. रूपकाचा उपयोग येथे खुशामतीसाठी न होता विनवणीसाठी झाला.

लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातील बँक्वेटिंग हाउसच्या छतासाठीही चार्ल्सने त्यांना नऊ चित्रे सांगितली. त्यांत चार्ल्सचा पिता पहिला जेम्स न्यायासनावर बसला आहे, इंग्लंड व स्कॉटलंड यांचे ऐक्य घडवीत आहे आणि मधल्या लंबगोल चित्रात गरुडाच्या आधारे स्वर्गाकडे जात आहे. राजाची सत्ता थेट परमेश्वराकडून येते, तिला पृथ्वीवर कोणी जाब विचारू शकत नाही, हा त्याचा आशय होता. १६३६ साली चित्रे छताला लागली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजा चार्ल्सला याच दालनातून, याच चित्रांखालून चालवत नेले गेले आणि बाहेर उभारलेल्या मंचावर त्याचा शिरच्छेद झाला. रुबेन्स त्यापूर्वीच निवर्तले होते. तो राजवाडा पुढे १६९८ साली जळाला, पण बँक्वेटिंग हाउस आणि त्याचे छत आजही शाबूत आहे.

अखेरची वर्षे

६ डिसेंबर १६३० रोजी रुबेन्स यांनी हेलेना फोरमेंट हिच्याशी दुसरा विवाह केला. ते ५३ वर्षांचे होते, ती १६ वर्षांची. दोघांच्या वयांतील हे अंतर आज आपल्याला खटकते, त्या काळी ते तितके खटकत नसे. त्यांना पाच अपत्ये झाली. १६३३ साली आर्चडचेस इसाबेला वारली आणि त्या सुमारास रुबेन्स राजकारणातून बाहेर पडले. १६३५ साली त्यांनी एलेवेट येथील स्टेन ही जमीनजुमल्यासह गढी विकत घेतली आणि ते शेतांची, झाडांची, पावसानंतरच्या आकाशाची चित्रे रंगवू लागले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नवे राज्यपाल कार्डिनल-राजपुत्र फर्डिनंड यांचे अँटवर्पला आगमन झाले. स्वागताच्या कमानी व देखाव्यांची आखणी नगरपालिकेने रुबेन्स यांच्याकडे सोपवली. अशा प्रसंगी पाहुण्याची स्तुती करावयाची, हा रिवाज. तीही त्यांनी केली. पण एका देखाव्यात त्यांनी व्यापारदेव मर्क्युरी शहर सोडून उडून जाताना दाखवला. शेल्डे नदीचे मुख डचांनी बंद केल्यामुळे बंदर ओस पडले होते आणि खलाशांची उपासमार चालली होती. ही व्यथा त्यांनी राज्यपालांच्या वाटेवरच उभी केली. राणीच्या दालनात ज्या भाषेने दुःख झाकले, त्याच भाषेने आता ते भर रस्त्यात दाखवले.

१६३७-३८ साली तस्कनीचे ग्रँड ड्यूक फर्डिनांडो यांच्यासाठी त्यांनी युद्धाच्या भीषणतेचे चित्र रंगवले. हा ड्यूक मेदिची घराण्यातलाच होता. तीस वर्षांचे युद्ध तेव्हा मध्य युरोपाला जाळत होते. या चित्राचा अर्थ रुबेन्स यांनी स्वतः पत्राने कळवला. मंदिराचे दार उघडून मार्स बाहेर पडला आहे. व्हीनस त्याला आवरू पाहते, पण क्रोधदेवता त्याला ओढून नेते. पुढे रोगराई आणि दुष्काळ आहेत. पायदळी पुस्तके तुडवली जात आहेत, संगीताचे वाद्य मोडले आहे आणि एक आई बाळाला उराशी धरून जमिनीवर कोसळली आहे. डावीकडे काळ्या वस्त्रातील एक स्त्री दोन्ही हात वर करून आक्रोश करीत आहे. तिचे दागिने लुटले गेले आहेत. ती दुःखी युरोप आहे. तिच्याजवळील बालकाच्या हाती एक गोल आहे आणि त्या गोलावर क्रूस आहे, म्हणजे ते ख्रिस्ती जग होय. युद्ध करणारे दोन्ही पक्ष त्याच क्रूसाचे नाव घेत होते. या चित्रात कोणी राजा नाही, कोणाचा विजयही नाही.

संधिवाताने रुबेन्स यांचे हात पुढे काम करेनासे झाले. ३० मे १६४० रोजी अँटवर्प येथे ते प्रभूच्या घरी गेले. त्यांचे शेवटचे अपत्य त्यानंतर आठ महिन्यांनी जन्मले. अँटवर्पमधील संत याकोबाच्या चर्चमध्ये, मुख्य वेदीमागील लहानशा चॅपेलमध्ये त्यांचा देह विसावला आहे. कबरीवरील वेदीवर त्यांनीच रंगवलेले पवित्र मरिया, बाळ येशू आणि संतांचे चित्र आहे. तीस वर्षांचे युद्ध १६४८ साली संपले. ते पाहण्यास ते उरले नव्हते, आणि शेल्डे नदी त्या तहानंतरही बंदच राहिली.

आपल्यासाठी बोध

रुबेन्स यांना आम्ही संत ठरवू इच्छीत नाही. सत्ताधाऱ्यांकडून त्यांनी धन व मान मिळवला आणि त्यासाठी काही वेळा राण्या-राजांना ते नव्हते तसे दाखवले. राणी मारीच्या दालनातून एक सत्य निघून गेले तेव्हा त्यांनी विरोध केल्याचे दिसत नाही. परंतु त्याच कौशल्याचा वापर त्यांनी शत्रूंना एकत्र आणण्यासाठी, उपाशी बंदराची कैफियत मांडण्यासाठी आणि युद्धाचे खरे रूप दाखवण्यासाठीही केला. वय वाढत गेले तसतशी त्यांच्या रूपकांतील स्तुती कमी होत गेली आणि सामान्य माणसाचे दुःख वाढत गेले, असे आम्हाला वाटते.

आपणही रोज कोणाची ना कोणाची प्रतिमा उभी करीत असतो. सत्कार समारंभातील भाषणे, गौरव अंकांतील लेख, श्रद्धांजलीचे चार शब्द, कुटुंबाच्या व धर्मग्रामाच्या कामात वरिष्ठांविषयी काढलेले उद्गार ही सारी एक प्रकारची व्यक्तिचित्रेच होत. त्यांत आदर असावा, पण अडचणीचे चित्र गुपचूप काढून घेण्याचा मोह आपल्यालाही होतो, याचे भान आपण ठेवू या. जगात आजही अनेक देशांत आया मुलांना उराशी धरून युद्धापासून पळत आहेत. संत पेत्र व संत पौल यांच्या सणाला मिस्साबलिदानात त्यांची आठवण करताना, त्या प्रेषितांचे नाव लाभलेल्या आणि आपल्या कलेने शांतता मागणाऱ्या या चित्रकाराच्या आत्म्यासाठीही आपण एक प्रार्थना अर्पण करू या.